आधी गुड मॉर्निंग, मग पाणी

ग्रेनाडाच्या जायफळाच्या वखारीत इयान्थी मोडेस्टनं एकेचाळीस वर्षं जायफळं निवडली. पाण्यात टाकायची, बुडालं ते भरीव, तरंगलं ते पोकळ. माणसांसाठीही तिच्याकडे अशीच एक परीक्षा होती. समोरून येणारा आपणहून गुड मॉर्निंग म्हणतो की नाही, एवढंच ती बघायची.

यात तिचं काही जगावेगळं नव्हतं. आमच्याकडे माणूस चार शिव्या पचवेल, पण तोंड न उघडता शेजारून गेलेला माणूस त्याला पचत नाही. दुकानात शिरलं की आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग, मग साखर मागायची. बसमध्ये चढलं तरी तेच. फक्त इयान्थी या बाबतीत जरा जास्तच कडक होती, आणि वय वाढलं तशी आणखी कडक झाली.

नवरा गेला, मुली परदेशी स्थायिक झाल्या. डोंगराच्या तिसऱ्या वळणावरच्या तिच्या घरी एरवी यायच्या त्या समोरच्या कथबर्टच्या शेळ्या. पण दर फेब्रुवारीत एक दिवस तिचा असायचा. बाहेरदेशचे लोक फी भरून आमचा डोंगर धावत चढतात आणि त्या फीवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेणारी गाडी वर्षभर चालते. त्या धावणाऱ्यांना पाणी देण्याचं टेबल इयान्थीच्या दारात लागायचं. नीरफणसाच्या सावलीत ती चर्चची टोपी घालून बसायची. लिंबाचं सरबत, वर जायफळाची चिमूट. त्या एका सकाळी शंभर माणसं तिच्या दारात यायची, आणि त्या सकाळच्या आठवणीवर ती पुढचे कित्येक महिने काढायची.

गेल्या वर्षी घोडं अडलं. सगळ्यांत पुढे असलेला एक लाल दाढीवाला धापा टाकत आला आणि त्यानं न बोलता पेल्याला हात घातला. इयान्थीनं पेला सोडला नाही.

"गुड मॉर्निंग," ती म्हणाली.

त्याला काही कळेना. तो ओढतोय, ती धरून बसलीय. शेवटी तो कसाबसा गुड मॉर्निंग पुटपुटला, तोवर मागून आलेले दोघं पुढे निघून गेले होते. वर पोचल्यावर त्यानं आयोजकांपुढे जो काही आरडाओरडा केला, तो खाली बंदरापर्यंत ऐकू गेला असेल.

म्हणून यंदा शर्यतीच्या आदल्या दिवशी डेझमंड तिच्याकडे आला. डेझमंड तिचा भाचा, तिला टँटी म्हणजे मावशी म्हणायचा; शाळेत मास्तर आणि शर्यतीचा प्रमुख.

"टँटी, उद्या तू फक्त पाणी द्यायचंस. तोंड म्हणून उघडायचं नाही."

"आणि उघडलं तर?"

"तर पुढच्या वर्षी टेबल कथबर्टच्या दारात."

"त्या शेळ्यांत? लोक पाणी पितील की लेंड्या मोजतील?"

"टँटी, शब्द दे."

इयान्थीनं बराच वेळ नाक मुरडलं, पण शब्द दिला. आणि तिनं दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

सकाळी ती टोपी घालून, ओठ मिटून बसली. पहिला आला, पेला उचलून गेला. दुसरी आली, तीही तशीच गेली. इयान्थीनं मूग गिळले. पलीकडे पायरीवर बसून कथबर्ट मजा बघत होता.

"इयान्थी, आज दातबीत दुखतोय का गं?"

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो शेळ्यांना हाक मारायला लागला. पण खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं. माणसं दारात येत होती आणि कोणी आल्यासारखं वाटत नव्हतं.

तेवढ्यात वळणावर लाल दाढी दिसली. मागे एकसारखे बनियन घातलेले दहाबारा जण. दाढीवाला टेबलाशी येऊन चक्क थांबला.

"गुड मॉर्निंग, मिस इयान्थी!"

मागच्यांनीही एका सुरात तेच म्हटलं. इयान्थीचा जीव कासावीस झाला. जन्मात पहिल्यांदा ती कोणाच्या गुड मॉर्निंगला उत्तर देत नव्हती. तिनं नुसता पेला पुढे केला.

"नाही," तो म्हणाला, "उत्तर मिळाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. तुम्हीच शिकवलंत. मिस इयान्थी, गेल्या वर्षी मी फार चिडून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे म्हातारबाबा दिसले. अकरा वर्षं शेजारी राहतो, नावही माहीत नव्हतं. तुमची आठवण झाली आणि तोंडातून गुड मॉर्निंग निघून गेलं. आता दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवतो. रागावलात का माझ्यावर?"

इयान्थीनं जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. डोळे भरून आले, ओठ मात्र मिटलेलेच. तो हलेना, त्याची माणसं हलेनात. अरुंद रस्त्यावर मागून येणारे साठत गेले. अखेर खालून डेझमंड घामाघूम होऊन धावत आला.

"टँटी! सगळी शर्यत तुंबलीय! बोल ना त्यांच्याशी!"

तिनं बोट ओठांवर ठेवलं.

"अगं, सोडलं मी! तुझा शब्द तुला परत! टेबल मरेपर्यंत तुझ्या दारात, झालं? आता तरी बोल!"

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. कथबर्ट पोट धरून हसायला लागला.

"अरे मास्तरा, आल्यापासून ओरडतोयस. बाईला गुड मॉर्निंग म्हणालास का?"

डेझमंड थबकला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"गुड मॉर्निंग, टँटी."

"गुड मॉर्निंग, डेझमंड. ते दुसरं भांडं उचल आणि ओतायला लाग." मग तिनं दाढीवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला. "गुड मॉर्निंग, बाळा. नीट बसून पी, तसाही आज तू काही पहिला येत नाहीस. आणि रविवारी जेवायला गेलास की त्या म्हातारबाबांना माझंही गुड मॉर्निंग सांग."