चष्मेवाल्यांचं सरकार

चष्मेवाले बायकोला ‘सरकार’ म्हणत. बाई आरोग्य खात्यात अधिकारी होत्या. लग्न झालं तेव्हा साध्या कारकून होत्या, पण हाक तेव्हापासूनचीच. पंखा कितीवर ठेवायचा इथपासून मुलीला कोणत्या शाळेत घालायचं इथपर्यंत ते विचारत, “सरकारचं मत काय?” आणि मत काहीही पडलं तरी स्वतःला हवं तेच करत. बाई त्यावर कधी रागावल्या नाहीत. असली एखादी चेष्टा संसाराला वर्षानुवर्षं पुरते.

दुकान घराच्या खालीच होतं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं एवढं. आतल्या बाजूला काचा घासायचं चाक होतं आणि त्यावर थेंब थेंब पाणी पडत असे. काच घासून झाली की चष्मेवाले ती दिव्यासमोर धरत, जराशी तिरकी करत आणि एक डोळा मिटून बघत. मन भरलं नाही तर पुन्हा चाकावर. दोन कामांच्या मध्ये मागच्या बोळात जाऊन सिगरेट ओढत. दुकानात कधीच नाही. काचेवर धूर बसतो म्हणत. गिऱ्हाइकाला जग स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, आपलं काय, असंही म्हणत.

मिसरूड फुटायच्या आधीपासूनची ती सवय. रोज सकाळी ते खोकत उठत, आणि त्या आवाजानं बाई जाग्या होत. आमच्या घरी कोंबडा पाळायची गरज नाही, असं त्या मैत्रिणींना सांगत. सुरुवातीला त्यांनी समजावलं, मग भांडल्या, मग रुसल्या, आणि शेवटी नाद सोडला.

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. एकदा तिनं वडिलांना वेप पाठवलं, सिगरेटच्या धुराऐवजी निकोटिनची वाफ देणारं, बॅटरीवर चालणारं. चष्मेवाल्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि ही शिट्टी वाजवायची की ओढायची, असं विचारलं. पण लेकीनं पाठवलंय म्हणून ओढून पाहिलं. आधी दोन्ही चालू होतं, मग हळूहळू सिगरेटचं पाकीट मागे पडलं. रात्री फोनच्या शेजारी तेही चार्जिंगला लागू लागलं. काही महिन्यांनी बाई एका सकाळी आपोआप जाग्या झाल्या. घर शांत होतं. त्यांच्या काळजात चर्र झालं. वळून पाहिलं तर नवरा गाढ झोपला होता, छाती सावकाश खालीवर होत होती. बाई कुणालाच काही बोलल्या नाहीत. चांगलं चाललेलं बोलून दाखवलं की दृष्ट लागते, असं शिकल्या-सवरलेल्या माणसालाही वाटतंच.

त्या वर्षी बाईंकडे शाळांचं काम होतं. मुलांच्या दप्तरांत पेन्सिलीसारखी दिसणारी रंगीत वेप सापडत होती. एका शाळेत आठवीतली एक मुलगी स्वच्छतागृहात चक्कर येऊन पडली. बाई तिच्याजवळ बसून राहिल्या. मुलीचे हात थरथरत होते, आणि ती सारखी एकच विचारत होती, आईला सांगणार का. बाईंना ती पोर विसरता येईना.

त्याच सुमारास खात्यात बैठक झाली. सिगरेट आणि वेप, दोन्हींत जास्त घातक काय, यावर अधिकाऱ्यांची मतं हवी होती, म्हणजे लोकांना काय सांगायचं ते ठरलं असतं. निवृत्तीला आलेले छातीचे डॉक्टर म्हणाले, की जो आधीपासून ओढतोय त्याला वेप पुष्कळ कमी वाईट आहे, तसं सरळ सांगा. त्याला ‘दोन्ही सारखंच’ सांगणं म्हणजे पायरीवरून घसरणं आणि चौथ्या मजल्यावरून पडणं एकच, असं सांगण्यासारखं आहे. एक तरुण अधिकारी म्हणाला, की सिगरेटचं खरं रूप कळायलाच एक पिढी गेली, याचं पुढचं रूप आपण कुठे बघून आलोय? दोघांचंही बाईंना पटत होतं. मग मोठे साहेब म्हणाले, की लोकांच्या लक्षात एकच वाक्य राहतं. दोन दिली तर सोयीचं तेवढं उचलतात. बाईंच्या डोळ्यांसमोर ती थरथरणारी पोर आली. आपला झोपलेला नवराही आला. त्यांनी एका वाक्याच्या बाजूनं हात वर केला.

ते वाक्य रेडिओवर सांगायचं कामही त्यांच्याकडेच आलं, कारण त्यांचा आवाज चांगला होता. “दोन्ही सारखेच घातक आहेत,” असं त्यांनी शांतपणे आणि स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा चष्मेवाले कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू बसवत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, की सरकार बोललं ते ऐकलं, आवाज छान लागला होता. स्क्रू घट्ट बसल्यावर त्यांनी फ्रेम खाली ठेवली.

“आता सरकारला जरा बाजूला बसव आणि तुझं मत सांग. हे खरंच सिगरेटइतकंच वाईट आहे?”

बाईंना जे वाटत होतं ते अगदी ओठांवर आलं. पण चष्मेवाल्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. उद्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हसत हसत सांगितलं असतं, की आमचं सरकार बाहेर एक बोलतं आणि घरात एक. ते चार ठिकाणी फिरून ऑफिसात आलं असतं.

“घरात एक आणि बाहेर एक, असं माझं मत नसतं,” बाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या.

“बरं,” चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी दुसरी फ्रेम हातात घेतली.

आठवडाभरातच बोळातून ओळखीचा वास वर आला. बाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, दोन्ही सारखंच असेल तर निदान चव असलेलं ओढतो. रागानं नाही, नेहमीसारखंच. तेव्हा बाईंनी बोलायला हवं होतं. उद्या बोलू, असं मनाशी म्हणाल्या. पण जितका उशीर होत गेला तितकं ते बोलणं जड होत गेलं, आणि सकाळच्या खोकल्याची घराला पुन्हा सवय झाली.

दोन वर्षांच्या आतच चष्मेवाल्यांचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली. मग दुकानातून घरी येताना ते जिन्यात मध्येच थांबू लागले, भिंतीवरची रंगाची पोपडी बघतोय असं दाखवत. शर्ट अंगावर लोंबायला लागले. बाई त्यांना त्याच छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, ते आता आपला दवाखाना चालवत होते. फुप्फुसात गाठ निघाली, आणि ती पसरली होती.

नवऱ्याला बाहेर बसवून बाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वेप सोडलं नसतं तर हे टळलं असतं का, असं विचारलं. डॉक्टरांनी फिल्म पुन्हा दिव्यासमोर धरली. मग म्हणाले, की मूळ बहुधा आधीचंच असणार. मधल्या सिगरेटींनी भर पडली असेल, नसेलही. याचा हिशेब कुणालाच लागायचा नाही. त्यांनी दोषी म्हटलं असतं तर बाईंनी ते सोसलं असतं, निर्दोष म्हटलं असतं तर त्या रडून मोकळ्या झाल्या असत्या. यातलं काहीच झालं नाही.

दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली. एका दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं. उशी नीट करता करता बाईंनी एकदाचं बोलून टाकलं.

“तुम्ही विचारलंत ना, तेव्हा मला ते कमी वाईट वाटत होतं. मी सांगितलं नाही.”

“माहीत होतं मला,” ते बसक्या आवाजात म्हणाले. “खोटं बोलताना तू पदरानं चष्मा पुसतेस. तोही मीच केलेला चष्मा.”

“मग पुन्हा का सुरू केलीत?”

त्यांनी थोडा दम घेतला. “मला सिगरेट आवडायची गं. निमित्तच हवं होतं, ते मिळालं. तू कशाला सगळं ओढून अंगावर घेतेस?”

ते खरं बोलले की बायकोच्या पुढच्या आयुष्यासाठी एक खोटं बांधून देऊन गेले, हे बाईंना कधीच कळलं नाही. काचा घासणाऱ्या माणसाला समोरच्याच्या डोळ्यांना काय सोसेल याचा अंदाज असतो. पंधरवड्याच्या आत ते गेले.

पुढच्या वर्षी खात्यानं पुन्हा मतं मागवली. या वेळी बाई आपणहून बोलल्या. मुलांनी याला हातही लावू नये. पण ज्याला सिगरेट काही केल्या सुटतच नाही, त्यानं ती टाकून पूर्णपणे वेपवर जाणं माझ्या मते कमी घातक आहे. किती कमी, ते आज सांगता येत नाही. साहेब म्हणाले, बाई, ही तीन वाक्यं झाली. हो, तीनच आहेत, बाई म्हणाल्या. सभेच्या नोंदीत ‘एका सदस्याचं वेगळं मत’ असं लिहिलं गेलं, आणि रेडिओवर जुनंच वाक्य चालू राहिलं, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात.

दुकान विकायला मुलगी आली होती. चाक एका ओळखीच्या कारागिरानं नेलं. खण रिकामे करताना मुलीला ते वेप सापडलं. तिनं सहजच विचारलं, बाबांना हे मानवलं होतं ना, मग सोडलं का?

बाईंना काहीही सांगता आलं असतं. त्यांनी बैठक, रेडिओ, ती संध्याकाळ, सगळं सांगितलं. दवाखान्यातलं बाबांचं बोलणं मात्र सांगितलं नाही, ते आपल्या बचावासाठी वापरल्यासारखं झालं असतं. मुलगी चाकाच्या रिकाम्या जागेकडे बघत ऐकत राहिली. बोलणं संपल्यावर तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच उचलून घेतला. मग केरसुणी घेऊन कोपऱ्यातली काचेची पांढरी भुकटी झाडू लागली.

दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलीस का, गुडघा कसा आहे, औषधं वेळेवर घेतेस ना, असं सगळं ती विचारते. बाई सगळ्याची उत्तरं देतात. बाबांचा विषय दोघीही काढत नाहीत, आणि मग कुणीतरी ‘बरं, ठेवते’ म्हणतं.