लाल ठिपक्याचा सेल

दुर्गापूजेचे मांडव उतरले की सॉल्ट लेकमध्ये सातवीण फुलते. बंगाली शेजारणी तिला छातिम म्हणतात. तिचा जड, गोडसर, किंचित गुंगी आणणारा गंध कलत्या उन्हाबरोबर खिडकीतून आत येतो आणि मला दरवर्षी न चुकता बंद खोक्यांची आठवण होते. कारण सतरा वर्षांपूर्वी, याच दिवसांत यांची नाशिकहून इथे बदली झाली, तेव्हा हा गंध आणि नव्या पुठ्ठ्याचा वास दोन्ही एकदमच माझ्या मनात शिरले आणि तिथेच राहिले.

बदलीच्या नोकरीत आमच्या घराचा एक कायदा होता. निघताना ओझं कमी करायचं आणि ते काम माझं. त्या वर्षी मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा, सानिकाचा व्हिडिओ गेमही त्या ओझ्यात धरला. तळहाताएवढा होता तो. करड्या-हिरव्या पडद्यावर वरून ठोकळे पडत राहायचे आणि ही दिवसभर त्यात मान घालून बसायची. नव्या गावात हिला मैत्रिणी कशा मिळणार, याची मला धास्ती. कामाच्या मावशींच्या नातीला तो मी गुपचूप देऊन टाकला. देताना माझा काटकसरी स्वभाव आडवा आला आणि आतले दोन सेल तेवढे काढून घेतले.

इथे पोचल्यावर सानिकाने गेम मागितला. "असेल गं कुठल्यातरी खोक्यात," मी म्हणाले, आणि ते खोटं निभावण्यासाठी तीन दिवस तिच्याबरोबर खोकी उघडत बसले. ऊन फरशीवरून सरकत जायचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वाट्या एकेक करून बाहेर यायच्या, प्रत्येक खोक्यापाशी ती वाकून आत पाहायची आणि मी घाईने पुढचं खोकं ओढायची. शेवटचं खोकं रिकामं झालं तरी ती रडली नाही. ते न रडणं मला आजवर छळत आलं आहे.

आता सानिका इथल्याच सेक्टर फाइव्हमधल्या एका छोट्या कंपनीत गेम तयार करते. परवा शनिवारी दुपारी ती गेम खेळताना डोळ्यांवर चढवायचा तो जाडजूड चष्मा घेऊन आली. "आई, पहिली तू खेळ. अजून कुणालाच दाखवला नाही."

चष्मा चढवला आणि आमची बैठकीची खोली विरघळून गेली. मी त्या जुन्या पडद्याच्या आत उभी होते. करडा-हिरवा प्रकाश, चौकोनी ढग, चौकोनी फुलं संथपणे ढाळणारं झाड. माझे हातसुद्धा गडद चौकोनांचे. त्या जगाला स्वतःचा वास नव्हता, पण खिडकीतली सातवीण तिथेही दरवळत होती. समोर खोक्यांची रांग. एक ओढून पाहिलं, हलेना.

"दोघींनी ओढावं लागतं," सानिका शेजारून आपल्या लॅपटॉपवर बोटं चालवत म्हणाली, आणि पडद्यात दोन लहान हात माझ्या हातांजवळ आले. खोकं उघडलं. एक वाटी तरंगत वर गेली, तो जुना टुकटुक सूर वाजला. किती वेळ आम्ही अशी खोकी उघडत होतो कोण जाणे. मला कळून चुकलं होतं की आता बोलायलाच हवं.

"सानू, तुझा तो गेम यात सापडायचा नाही गं. मी तो नाशिकलाच..."

"मागे बघ. भिंतीवर."

वळले. आमचं जेवणघरातलं घड्याळ तिथे पाठमोरं टांगलं होतं. त्याच्या खाचेत एक सेल, आणि सेलवर त्या अवघ्या हिरव्या जगातला एकुलता एक लाल ठिपका. घरात कुणी उचलू नयेत म्हणून तिने आपल्या गेमच्या सेलांवर माझ्याच नेलपॉलिशने असे ठिपके दिले होते. आणि इथल्या पहिल्याच संध्याकाळी बंद पडलेल्या घड्याळात पर्समधला त्यातलाच एक सेल घालायला मी स्टुलावर चढले, तेव्हा खाली स्टूल धरून तीच उभी होती.

मी चष्मा काढला. डोळे भरून आले होते.

"तेव्हाच कळलं होतं, तर मग तीन दिवस कशाला शोधत बसलीस?"

ती हसली. "तू एरवी सारखी कामात. इतका वेळ माझ्याजवळ कधी बसायचीस?"

मैत्रिणी कशा मिळणार, याची काळजी करत राहिले मी. पोर कुणाची वाट बघत त्या पडद्यात मान घालून बसते, हे कधी विचारलंच नव्हतं.

एक खोकं अजून उघडायचं राहिलं होतं. त्यात काय ठेवायचं, हे तिचं ठरलेलं नाही म्हणे. घाई नाही, असं म्हणून मी पुन्हा चष्मा चढवला आणि तिच्या हातांची वाट पाहत उभी राहिले.