साडीगार्डची तार

परवा जुन्या मोटारसायकलचे गंजलेले नट रॉकेलमध्ये भिजत घातले आणि त्या वासानं मला थेट मेहरूणच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात नेऊन बसवलं. धुळ्याजवळच्या एका माळावर नवशिक्यांची मोटारसायकल शर्यत ठरली होती आणि मी हौसेनं नाव दिलं होतं. गाडीवर काचेचं, अडकण्यासारखं काही नको, असा नियम. म्हणून आदल्या दुपारीच कडुलिंबाखाली बसून मी हेडलाइट, आरसे, साडीगार्ड, सगळं उतरवलं आणि त्या सांगाड्याकडे कौतुकानं बघत राहिलो. बायको चहा घेऊन आली. ती शिंदखेड्याची, चिडली की अहिराणीत शिरायची. "बठ्ठं खोली टाकं! आते धुळ्याले गाडी काय खांदावर लई जाशात?" सगळं खोलून टाकलं खरं, पण धुळ्यापर्यंत हीच गाडी चालवत न्यायची, तीही हिला मागे बसवून, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! सगळं परत बसवलं. दुसऱ्या दिवशी माळावर पुन्हा उतरवलं आणि नटबोल्ट तिच्या पदरात टाकले. शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो, पण त्या शेवटच्याला मी मागे टाकलं तेव्हा ती टाळ्या वाजवत उठली आणि पदरातलं सगळं काळ्या मातीत सांडलं. उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघं हसत नट वेचत होतो. साडीगार्डचा एक काही सापडला नाही. तिथं तार गुंडाळली आणि घरी आलो. परवा तिथं बसवायला नवा नट हातात घेतला, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "तेवढी तार राहू द्या."