कट्टा ओ देत नाही

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात माणसांशी जेवढं बोलले असतील, त्याच्या दुप्पट ते तारांशी बोलले. उमेदीची वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून गेली, आणि निवृत्त होऊन गावी आले ते गोव्यातल्या भंगारवाल्याकडचे मेलेले संगणक घेऊनच. त्यांत त्यांनी लिनक्स नावाची संगणक-प्रणाली भरली, कारण ती फुकट मिळते आणि "आत काय चलता ता लपयणा नाय." मग माजघरापासून गोठ्यापर्यंत तार ओढली. एका संगणकाने दुसऱ्याला 'आहेस का?' असं विचारायचं, याला जगभर पिंग म्हणतात. मामा त्याला हाक मारणं म्हणत. हातात चहाचा कप, पडद्यावर आकडे सरकताहेत, आणि मामा खूश: "गोठो ओ देता!" म्हशीने एकदा ती तार चावून तोडली, तेव्हा त्यांनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. दूध काढायचे, पण पाठ थोपटायचे नाहीत.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही सांगतो. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरा झाला जावयानू. आता ही शिडी धरा."

मामी गेल्या आणि या वेडाला धार आली. मामींना श्वास पुरत नव्हता. जवळच्या कट्टा गावात एक सेवाभावी संस्था आहे; ती ऑक्सिजनचं यंत्र, खाट, कुबड्या असं गरजूंना वापरायला देते. मामांनी तिथे फोन केला. कुणीतरी "शिल्लक नाय" म्हणालं. मामी गेल्यावर कळलं, एक यंत्र दोडामार्गच्या शाखेत चादरीखाली पडून होतं. मामा ओरडले नाहीत. तेरावं झालं आणि खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन ते संस्थेत हजर झाले. कट्टा, दोडामार्ग, वैभववाडी, तिन्ही शाखांत जुने संगणक बसवून त्यांनी ते इंटरनेटवरून जोडले. कोणती वस्तू कुठे आहे, हे तिन्हीकडे आणि मामांच्या घरी एकाच वेळी दिसू लागलं. अध्यक्ष म्हणाले, "फुकटचा आसा म्हणजे खंयतरी खोट आसतली." मामा म्हणाले, "आसा मां. तुमच्या शाखेत माणसा आसत." आणि नियम घातला: फोनवर कुणी काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. जे खरं ते मशिनीत लिहायचं.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात मामांचीच छाती भरली. इस्पितळात जायला ते तयार होईनात, तेव्हा डॉक्टरांनी निदान घरी ऑक्सिजन लावा म्हणून सांगितलं. पडद्यावर एकही यंत्र मोकळं नव्हतं. उशांना टेकून, ओठ निळे पडत चाललेले, अख्खा दिवस मामा हाका मारत बसले. दोडामार्ग ओ देत होतं, वैभववाडी देत होतं.

"कट्टो ओ देणा नाय. माझाच कायतरी चुकला."

"मामा, मी फोन करतो."

"फोनार माणूस 'नाय' म्हणता आणि फोन ठेयता."

मी बायकोला त्यांच्यापाशी बसवलं आणि रिक्षा करून कट्टा गाठला. शाखेत सगळ्या पिना काढलेल्या, वायरी नीट गुंडाळलेल्या, संगणकावर प्लास्टिक. गडगडलं की आमच्याकडे घराघरांत टीव्हीपासून फ्रिजपर्यंत सगळ्याच्या पिना निघतात, त्यात नवल नाही. पण कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र उभं होतं.

शाखा सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "ता काल परत इला. मशिनीत लिवचा होता, पण वीज चमाकता मां? मामांचो जीव आसा ह्या मशिनीर. जळात म्हणान मीच काढलंय पिना."

"मग फोन करायचा!"

"फोनार सांगूचा नाय, असा मामांनीच सांगल्यानी."

यंत्र रिक्षात घालून आणलं. नळी नाकात गेली, चेहऱ्यावर थोडा रंग आला, आणि मामांनी पहिलं विचारलं, "कट्ट्याक काय झालेला?" मी सांगितलं. आता शिव्या पडणार म्हणून मी तयार होतो.

"तिका सांगा नकात हां," ते म्हणाले. "मी दिसभर वाट बघलंय ता. घाबारतली ती. मगे त्या मशिनीक हातूच लावची नाय."

दिवाळी त्यांनी पाहिली नाही. तो एक दिवस वाया गेला नसता तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. 'फार' म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

आता ते काम माझ्याकडे आहे. आभाळ भरून आलं की मी मामांचा नियम मोडून कट्ट्याला फोन करतो. बाई अभिमानाने सांगतात, "काढलंय हां पिना. मामांचा काय एक जळूक देवचंय नाय." मी बरं म्हणतो. गडगडाट थांबला की पुन्हा फोन करतो.

"लायतंय ओ, लायतंय," त्या म्हणतात. "जरा उशीर झालो तर काय कोण मरता?"

"नाही, नाही," मी म्हणतो. "सावकाश लावा." आणि त्या लावीपर्यंत फोन ठेवत नाही.