एकोणतीस इंची दाजी

कुणाच्याही दारात गेले की आमचे दाजी आधी माणसांना नव्हे, दारातल्या सायकलला भेटायचे. वाकायचे, अंगठ्याने टायर दाबून बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि मग घरात येऊन बसायचे. पाण्याचा तांब्या हातात घेता घेता निकाल लागायचा, "टायर लय बारीक हाय. ह्याच्यावर माणसं फिरत्यात तरी कशी?" ज्याची सायकल तो बिचारा वर्षानुवर्षं त्याच टायरवरून रानात जाऊन येऊन असायचा. पण दाजींनी एकदा तोंड वाकडं केलं की त्यालाही आपल्या सायकलची उगाच लाज वाटायची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं आई म्हणते. तर चांगलं असं की ते उंच होते, सडपातळ होते आणि दारूला शिवत नव्हते. चांगलं एवढंच. बाकीचं आता सांगते.

सांगलीत विश्रामबागेत एका कचेरीत ते नोकरीला होते. तिथे ते काय काम करायचे हे आक्कालाही नीट सांगता यायचं नाही. पण खुर्चीत बसून मोबाइलवर परदेशातल्या पोरांचे डोंगरावरून सायकली उतरवतानाचे व्हिडिओ मात्र नेमाने बघायचे. त्यातूनच ते तज्ज्ञ झाले. स्वतः दाजींनी डोंगर चढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आणि सांगलीत चढ म्हणावा तर रेल्वेवरचा पूल, तोही ते स्कूटरवरून चढायचे.

एका अधिक महिन्यात आम्ही रीतीप्रमाणे लेक-जावयाला धोंडे जेवायला रहिमतपूरला बोलावलं. जावयाला वाण काय द्यायचं याची घरात चर्चा चालू होती, तेवढ्यात दाजींचाच फोन आला. "अंगठी नगं, ताट नगं. एकोणतीस इंची चाकाची सायकल द्या. डोंगराची." आमचे आण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांच्या आवाजाला कुत्री दबकतात. पण जावयापुढे त्यांचं मांजर व्हायचं. जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे रीतच नाही. सायकल आली. माझ्या कमरेला लागेल एवढी चाकं, आणि टायर एवढे जाड आणि दातेरी की ट्रॅक्टरची धाकटी भावंडं वाटावीत.

"चाक मोठं, खड्डा छोटा!" दाजींनी जाहीर केलं. हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. लग्नात, मयतीत, कुठेही ऐकवायचे.

मी विचारलं, "दाजी, हिमालयात जायचं हाय का दूध आणायला?"

"मेव्हणी लय चावरी हाय बरं का," म्हणून ते हसले, आणि सगळेच हसले. मेहुणीला दाजींची थट्टा करायचा हक्क असतो, पण त्या हक्कात एक गोम आहे. तिचं खरं बोलणंही थट्टेतच जमा होतं.

रात्री पाऊस झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी म्हणाले, "आता बघा टायरची मजा," आणि सायकल घेऊन आमच्या मळ्याच्या वाटेला लागले. काळ्या रानातली ती वाट. पावसात तिथे बैलगाडीही कुणी घालत नाही. त्या दातेरी टायरांनी बघता बघता अख्खी वाट उचलून घेतली. चाक आणि दांड्याच्या मधे चिखल असा गच्च बसला की चाक फिरायचंच थांबलं. उसाच्या कडेने दाजी परत आले ते सायकल खांद्यावर घेऊन, गुडघ्यापर्यंत काळे. आण्णा आभाळाकडे बघत उभे राहिले. आईने मुकाट्याने पायांवर पाणी ओतलं. दाजी म्हणाले, "तुमच्या रानात दोष हाय. जमीन लय चिकट." पिढ्यान्‌पिढ्या ऊस देणाऱ्या जमिनीत दोष निघाला, टायरात नाही. याला म्हणतात जावईशोध!

इथवर हसण्यासारखं होतं. आक्काचं मात्र हसण्यासारखं नव्हतं.

आक्का सांगलीतल्या एका शाळेत क्लार्क. तिला रोज स्कूटरवरून सोडायचा मान दाजींनी स्वतःकडे ठेवला होता. वाटेत कुणाची सायकल दिसली की स्कूटर थांबायची, टायर दाबला जायचा, व्याख्यान सुरू व्हायचं, आणि आक्का पर्स पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला उभी. शाळेत रोज उशीर. असंच चाललं तर नोकरी राहणार नाही, असं मुख्याध्यापिकाबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. लहानपणी आमच्या मळ्यातून रहिमतपूरच्या शाळेत आक्का सायकलवर जायची आणि मला मागे बसवून न्यायची. ती दाजींना म्हणाली, "मला एक साधी सायकल घ्या. माजी मी जाईन."

दाजींनी सायकल घेतली. स्वतःच्या सायकलसारखीच, एकोणतीस इंची, जाड टायरची. "घरात दोन मापं नगंत," म्हणाले. आक्का माझ्याहूनही बुटकी. चौकात थांबायची वेळ आली, पाय टेकायला गेली, तर पाय हवेतच. सायकलसकट आडवी झाली आणि मनगट मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता आणि मी नेलेली मोसंबी दाजी सोलून स्वतःच खात होते. बिया हातात गोळा करत म्हणाले, "सायकलची चूक न्हाई. हिची उंची कमी पडली."

त्या दिवशी त्या माणसाचा मला जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही. हात बरा झाल्यावर आक्का पुन्हा स्कूटरवर मागे बसायला लागली, आणि पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी राहायला लागली.

पुढचा अधिक महिना आला तेव्हा मी आण्णांना म्हटलं, या खेपेला वाण लेकीला द्यायचं. साडी घ्यायला म्हणून आक्काला मी कराडला नेलं आणि सायकलच्या दुकानात घुसवलं. तिथे ती बराच वेळ नुसती सायकलींकडे बघत राहिली. मग एका सव्वीस इंचीवर टांग टाकून उभी राहिली आणि खाली बघत हळूच म्हणाली, "पाय टेकत्यात गं माजं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकी काय बघायचं होतं? डांबरी रस्त्यावर रोज जायचं-यायचं, म्हणून दातेरी टायर काढून गुळगुळीत, जरा बारीक बसवून घेतले. डबा ठेवायला मागे कॅरियर लावला.

धोंड्याच्या जेवणानंतर आईने सायकलला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. दाजी उठले, वाकले, अंगठ्याने टायर दाबला.

"सव्वीस? ह्ये पोरांचं माप हाय. माघारी द्या."

मी तोंड उघडणार होते, पण माझं बोलणं थट्टेत गेलं असतं. तेवढ्यात आई बोलली. जावयासमोर कधी मान वर न केलेली आई. "वाण हाय त्ये, जावईबापू. माहेरचं वाण माघारी देत न्हाईत."

ज्या रीतीने आम्ही इतकी वर्षं गप्प बसलो, त्याच रीतीने दाजी गप्प बसले. नंतर तुपात बुडवून आणखी चार धोंडे तेवढे खाल्ले.

आक्का घंटेच्या आधी शाळेत पोचायला लागली. दाजी काही सुधारले नाहीत. शेवटपर्यंत सांगत राहिले की तिचं माप चुकलंय.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विश्रामबागेत, एका सकाळी. मी त्यांच्याकडेच निघाले होते. समोरून आक्का सायकलवर येत होती, पदर खोचलेला, घाम आलेला, पण चाल एकसारखी. मागे कॅरियरवर दाजी. त्यांच्या टायरात बाभळीचा काटा गेला होता, म्हणून ते अगडबंब चाक काढून मांडीवर धरून बसले होते आणि आक्का त्यांना पंक्चरवाल्याकडे नेत होती. दाजींचे लांब पाय दोन्ही बाजूंनी रस्त्यावर घासत होते. तोंड चालूच होतं.

"तुज्या टायरात हवा कमी हाय. तरी म्या म्हणत हुतो, चाक मोठं आसतं तर..."

आक्काने मागे वळूनही बघितलं नाही. "आवं, गप बसा. आन् पाय वर घ्या."

दाजींनी पाय वर घेतले.