व्याह्यांचा पब

माझ्या व्याह्यांच्या घराण्याने तीन पिढ्या एक पब चालवला. इंग्लंडमधल्या बर्कशरमधले खेडे, बुटक्या छताची एक खोली, खाली तळघर. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, ब्रॅकनेलला आयटीत गेला. व्याह्यांच्या गुडघ्यांना तळघराच्या पायऱ्या झेपेनात, तेव्हा दार बंद झाले. दोन हिवाळ्यांनंतर माझ्या मुलीने आपली नोकरी सोडून ते उघडले. मी रुग्णालयातून निवृत्त झालो होतो, पत्नी राहिली नव्हती. वरच्या मजल्यावर मला एक खोली मिळाली.

मी मद्य घेत नाही. संध्याकाळी बारच्या टोकाला चहा घेऊन बसत असे. कोपऱ्यातल्या टेबलाशी गावातले चार म्हातारे असत. त्यांचे वडीलही तिथेच बसत.

"काय डॉक्टर, दुसरा कप? आता गाडी चालवू नका," त्यांतला एक म्हणे.

"माझ्या आजोबांनी या खोलीत डुक्कर येऊ दिले होते," व्याही बारमागून म्हणत. "चहा कधी नाही."

पिंपातली बिअर जिवंत असते. पिंप उघडले की तीन-चार दिवसांत संपवावे लागते, नाहीतर ती आंबते. त्यासाठी रोज येणारी माणसे लागतात. व्याह्यांनी मुलीला हे पहिल्या दिवशीच सांगितले होते आणि एकच अट घातली होती: पिंप बंद करायचे नाही. ते आहे तोवर हा पब. नंतर नुसते दुकान.

चार म्हाताऱ्यांवर पब चालत नाही. मुलीने रविवारी थालीपीठ आणि मटणाचा रस्सा सुरू केला. थेट लंडनच्या एजवेअरपासून मराठी कुटुंबे गाड्या भरभरून येऊ लागली. टेबले जोडत, एकमेकांना आग्रह करत, मुलांना पानात टाकू नका म्हणून दटावत. बिअर क्वचितच कोणी मागे. ताक सगळे मागत. पब पुन्हा उभा राहिला, असे जावयाने मित्रांना सांगितले.

एका रविवारी मोठा गट यायचा होता. मुलीने कोपऱ्यातल्या टेबलावर 'रिझर्व्ह्ड'ची पाटी ठेवली. दुपारी चौघे आले. त्यांनी ती वाचली.

"सॉरी, फक्त आजच," मुलगी धावत गेली. "खिडकीपाशी करून देते जागा."

"नॉट टु वरी, लव्ह," सगळ्यांत थोरला म्हणाला. चौघांनी उभ्यानेच ग्लास संपवले, ते स्वतः बारवर आणून ठेवले, आभार मानले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्या आठवड्यातही नाहीत.

"बाबा, ते टेबल मी एकच दिवस घेतलं होतं," मुलगी म्हणाली. "राग आला तर बोलायचं ना!"

"बोलले असते तर परत आले असते," मी म्हणालो.

आपल्याकडे अशा वेळी आवाज चढतो, जुनी उणीदुणी निघतात, आणि कोणीतरी हाताला धरून परत बसवतो. इथे आभार मानतात. या देशात मी आयुष्य काढले आहे. सौजन्याचा अर्थ मला कळतो.

मुलगी चौघांच्या घरी जाऊन आली. सर्वांनी तिला आत बसवले, केक दिला. पुढच्या आठवड्यात डोकावतो, असे प्रत्येक जण म्हणाला. ती आशेने परतली. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले.

ते डोकावले नाहीत. पिंप अर्धेही न संपता आंबले. पुढचेही आंबले. त्यानंतर मुलीने सासऱ्यांसमोर उभे राहून विचारले, "डॅड, आता पिंप मागवू नको ना?"

"नको," ते म्हणाले.

सोमवारी ते कठड्याला धरून तळघरात उतरले. मी बादली घेऊन मागे गेलो. त्यांनी उरलेली बिअर मोरीत ओतली, आणि पंपाच्या नळ्यांतून आधी धुण्याचे औषध, मग स्वच्छ पाणी सोडले. पूर्वी दर आठवड्याला करत तसेच. पाणी निवळ येईपर्यंत ते थांबले.

"आता यातून काही जाणार नाही," मी म्हणालो.

"ठाऊक आहे, डॉक्टर. बादली जरा सरळ धरा."

वर मुलगी फोनवर कोणाला तरी सांगत होती की या रविवारी एकही टेबल शिल्लक नाही.