लाल शिंगांची सकाळ

बातमी दुधाबरोबर आली. माझा फोन नेहमीप्रमाणे आवाज बंद करून कुठल्यातरी उशीखाली पडला होता, त्यामुळे माकुणसारहून मावसभावाने केलेले सगळे फोन वाया गेले होते. बोईसरच्या आमच्या जिन्यात रोजच्यासारखी किटली वाजली, मी पातेलं घेऊन दार उघडलं. शिवपूजन, म्हणजे मावशीच्या दूध संस्थेचा टेम्पोवाला, दूध ओतून झालं तरी हलेना. "भाईसाब, सुबह मौसी चली गईं," तो पातेल्याकडे बघत म्हणाला. मी विचारलं, आणि तू दूध घेऊन आलास? "सब बोले, पहले दूध पहुँचा. नहीं तो मौसी डाँटेगी." मी आत येऊन दूध गॅसवर ठेवलं आणि बघत राहिलो. ते वर येईपर्यंत ती अजून आहे, असं काहीतरी वाटत होतं...

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिला गेल्याला काही आठवडे झाले, तरी पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा मी तिच्या गोठ्यातच असतो. शेणीचा धूर, केवड्याकडून आल्यासारखा ओलसर वारा, आणि रिकाम्या बादलीत पडणारी धार, आधी टणटण, मग हळूहळू जाड, मऊ, झोपेत कोणी बोलल्यासारखी. (तिकडे केवडा होता की नाही, नक्की आठवत नाही. आमच्या घरात किस्से सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि त्यात मी भर घालतो, असा घरच्यांचा आरोप आहे. मावशी गोष्ट संपेपर्यंत शांत ऐकायची, मग म्हणायची, "चांगली हाय रे, पन पानी फार.")

तिने आणि तिच्या माकुणसार गावातल्या काही घरांनी मिळून संस्था काढली, ती सेंद्रिय दुधाची. हा शब्द तिच्या जिभेवर शेवटपर्यंत बसला नाही, ती 'शेंद्री दूध' म्हणायची. पहिल्या सभेला सुशिक्षित भाचा म्हणून मला बोलायला उभं केलं. मी सेंद्रिय म्हणजे काय यावर इतकं बोललो, की मागून एक म्हातारी म्हणाली, "बाय सुमन, ह्यो बसला की आमाला परत सांग." मावशीने दोन वाक्यांत सांगितलं. वैरणीवर औषध मारायचं नाही, आणि गाय औषधावर असेल तर तिचं दूध द्यायचं नाही. बोईसरच्या वसाहतीतून मागणी वाढू लागली, लहान मुलांच्या घरांतून तर फारच. "ती मानसं गाय बघत नाय, आपला शब्द पितात," ती म्हणायची. तो शब्द एकदा नासला तर संस्था संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टेम्पो प्रत्येक गोठ्यावर जाऊन दूध घ्यायचा. औषधावरची गाय ओळखू यावी म्हणून मावशीने युक्ती काढली, तिची शिंगं गेरूने रंगवायची. नव्याने लागलेल्या शिवपूजनला धडा दिला गेला, लाल सींग, दूध नहीं. सगळं सुरळीत चाललं... आणि दिवाळीचा पाडवा आला.

मी तेव्हा तिच्याकडेच होतो, ओटीवर फराळाची बशी घेऊन कामात असल्यासारखा बसलो होतो. टेम्पो आला, रिकामे कॅन खडखडत. शिवपूजन उतरला तो रडवेला. "मौसी, पूरे गाँव की गाय बीमार है." पाडव्याला अख्ख्या गावाने गुरं न्हाऊमाखू घालून, रीतीप्रमाणे, शिंगं गेरूने रंगवली होती. मावशी डोक्याला हात लावून पायरीवर बसली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यात लोकच कॅन घेऊन अंगणात जमू लागले. बोईसरला सणाचं दूध जायचं होतं, उशीर होत होता. बबनभाऊ म्हणाला, "काकी, आता सगल्यांचीच लाल. कोन कोनाचं बघनार? ओता नि पाठवा."

मावशीचं हसू थांबलं. ती अंगणातल्या वजनकाट्याजवळ जाऊन उभी राहिली आणि पहिल्या बाईला विचारलं, "कशी हाय गं तुझी?" ती म्हणाली, "बरी हाय." मावशीने झाकण उघडू दिलं. असं एकेक. कुणाचा गोठा बघितला नाही, कुणाला खोदून विचारलं नाही. रांग संपत आली तेव्हा ती आत गेली, स्वतःचा भरलेला कॅन घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी नाय बरी. काल सांजचं इंजेक्शन दिलं डॉक्टरनं." कुणालाच हे माहीत नव्हतं, मलाही नाही. त्या सकाळी न बोलती, तर कधी कळलंही नसतं. तिने कॅन परत आत नेला. मग बबनभाऊने रांगेतला आपला कॅन उचलला आणि घरची वाट धरली. दूध कमी गेलं. बोईसरला तिने तसाच निरोप धाडला, आज कमी आहे, ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांना आधी द्या.

गेरूची युक्ती त्या दिवशी संपली. गोठ्यावर टेम्पो जाणंही थांबलं. लोक तिच्या अंगणात दूध आणू लागले, आणि ती काट्यापाशी बसून प्रत्येकाला तेवढंच विचारू लागली.

तेराव्यानंतर मी दोन दिवस माकुणसारला राहिलो. उजाडताना अंगणात जरा धुकं होतं, माणसं त्यातून कॅन घेऊन येत होती. काट्यापाशी आता तिची सून बसते. सून काही विचारत नाही, तिला ते अजून जमत नाही. तरी येणारा प्रत्येक जण झाकणावर हात ठेवून क्षणभर थांबत होता, कोणीतरी विचारायची वाट बघितल्यासारखा... मग आपणच म्हणायचा, "बरी हाय," आणि झाकण उघडायचा. शेवटी एक बाई आली. तिनेही हात ठेवला, थांबली. "मावशी, माझी नाय बरी," असं हलकेच म्हणाली, आणि भरलेला कॅन कमरेवर घेऊन आल्या वाटेने परत गेली.